सिंकचा उजवा काठ

शाळेची जुनी प्रयोगशाळा मोडली, तेव्हा तिच्या पोटातलं सगळं सामान मागच्या आवारात येऊन पडलं. पाय तुटलेली स्टुलं, डाग पडलेल्या फळ्या, काच सोडून बाकी सगळं असलेलं एक काचेचं कपाट, आणि एक सिंक. पांढरं, चिनीमातीचं, जुन्या पद्धतीचं खोल सिंक. एखादी शाळकरी पोर गुडघे पोटाशी घेऊन त्यात आरामात मावली असती, आणि उचलायला चार दांडगी माणसं लागली असती. भंगारवाल्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, लोखंड असतं तर नेलं असतं म्हणाला, आणि हात झटकून निघून गेला.

ते सिंक भिंगरीच्या बाबांनी मागून आणलं.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. भिंतीवर तीसेक घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि त्यातलं दारावरचं एकच खरं बोलणारं. अशा नाजूक कामाच्या माणसानं हातगाडीवरून एवढं धूड घरी आणावं याचं गल्लीला नवल वाटलं. भिंगरीला वाटलं नाही. तिला ठाऊक होतं. त्या सिंकपाशी तिची आत्या बावीस वर्षं उभी होती.

आत्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. मुलींचे प्रयोग झाले की परीक्षानळ्या, चंचुपात्रं, काचेच्या पट्ट्या, सगळं तिच्यापुढे यायचं आणि चकचकीत होऊन कपाटात जायचं. भिंगरी तीन वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हा आत्या आपली एक ट्रंक घेऊन भावाकडे आली आणि मग राहिलीच. भिंगरी हे नावही तिनंच ठेवलेलं. "पायाला भिंगरी नाही, पोरच भिंगरी आहे," म्हणायची. गेल्या वर्षी, परीक्षेच्या जरा आधी, ती आठ दिवसांच्या तापात गेली.

"मागच्या अंगणात ठेवू," बाबा म्हणाले. "खिडकीखाली. माती भरून काहीतरी लावू त्यात. तिला बरं वाटेल." मग लगेच चष्मा पुसत, "म्हणजे, आपल्याला बरं वाटेल."

"लावू की. पण असं पांढरं नाही ठेवायचं हं, बाबा."

"का गं? छान दिसतंय. धुतलं की झालं."

"अंगणात पांढरं सिंक! लोकांना वाटेल मोरी हवा खायला बाहेर आलीय."

बाबा हसले. भिंगरी आता सोळाची होती, आणि गेल्या वर्ष-दीड वर्षात तिला हसवता येऊ लागलं होतं. वक्तृत्वात पहिली, नाटकात मुख्य काम, वर्गात हात वर करायला सगळ्यांत पुढे. दोन वर्षांपूर्वी जी मुलगी फळ्यापर्यंत जाताना तीनदा अडखळायची, तिच्या तोंडाचा पट्टा आता थांबायला तयार नव्हता. तिनं वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं होतं की जुन्या सिंकवर सिमेंट, रेती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा यांचा लेप चढवला की ते हुबेहूब दगडी कुंडीसारखं दिसतं. शंभर वर्षं पावसात उभं असल्यासारखं. कुणी सांगितल्याशिवाय आत सिंक आहे हे कळतसुद्धा नाही.

हेच तिला हवं होतं. कळायला नको होतं.

सुट्टी लागल्यावर काम सुरू झालं. मदतीला गल्लीतले मिस्त्रीकाका आले. वयामुळे त्यांनी मोठी कामं सोडली होती. सल्ला देणं सोडलं नव्हतं.

"आधी चकाकी मारायची," ते उकिडवे बसत म्हणाले. "गुळगुळीत अंगावर सिमेंट धरत नाही. ओरखडे पाहिजेत. मग हे पांढरं दूध, म्हणजे सिमेंट धरून ठेवणारा डिंक, लावायचं." त्यांनी डब्यावर टिचकी मारली. "ते बोटाला चिकटायला लागलं की मगच लेप. खालून वर जायचं, अर्धा बोट जाड. घाई केलीस तर उद्या सगळं पायावर घेशील."

"मी आणि घाई?" भिंगरी म्हणाली.

"तर काय. तुझी आत्या सांगायची ना, जेवायच्या आधीच आचवून मोकळी होतेस म्हणून."

बाहेरच्या अंगाची चकाकी त्यांनी मशीननं उडवली. काठ भिंगरीकडे आला. ती दगडी घासणी घेऊन डावीकडून सुरुवात करत, वळसा घालत, उजव्या काठाशी पोचली आणि तिथं तिचा हात थांबला.

तिथली चकाकी आधीच गेलेली होती. हातभर काठात जेमतेम चार बोटं रुंदीच्या जागेत मोहरीएवढे टवके, एकावर एक, इतके की त्यांचा एक उथळ खळगा झाला होता. मिस्त्रीकाका म्हणाले, "इथं कुणीतरी काहीतरी आपटत असणार रोज." भिंगरीनं खळग्यावरची पूड फुंकून उडवली. काय आपटायचं, कोण आपटायचं, तिला सांगता आलं असतं.

आत्याच्या उजव्या हाताच्या बोटात तांब्याची जाड अंगठी होती. आठवीत गेल्यावर भिंगरीनं एक दिवस जेवताना जाहीर केलं होतं, "शाळेत मला हाक मारायची नाही हं, आत्या. मुली चिडवतात." मुलींनी आत्याचं नाव नळीबाई ठेवलं होतं. आत्याला राग येईल असं तिला वाटलं होतं. आत्या उलट हसली. "बरं बाई राणीसरकार, हाक नाही मारत. मग टकटक करू का?"

तसं ठरलं. सकाळच्या छोट्या सुट्टीत, अकरा वाजून दहा मिनिटांनी, भिंगरी प्रयोगशाळेवरून जायची. आत्या सिंकपाशी असायची. मान वरही न करता अंगठीनं काठावर दोन ठोके द्यायची. टक, टक. म्हणजे, पाहिलं हं तुला. भिंगरीनं दाराच्या चौकटीवर पेननं एक ठोका द्यायचा. म्हणजे, मी पण. दोन वर्षं हे चाललं. कुणाला पत्ता नव्हता. खरं सांगायचं तर भिंगरीला त्यात मोठी गंमत वाटायची, गुप्तहेर असल्यासारखी.

मग ती वक्तृत्वात पहिली आली. नव्या मैत्रिणी झाल्या, पुढच्या बाकांवरच्या, ठसक्यात बोलणाऱ्या. एके दिवशी त्यांच्याबरोबर ती त्या दारावरून गेली, आणि आतून टक, टक आलं. एक चष्मेवाली होती त्यांच्यात. ती थबकली. "ए, तुलाच ठोकतेय का ती नळीबाई? कोण गं तुझी?"

"कोणी नाही," भिंगरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. तीही हसली. चौकटीवर ठोका दिला नाही. दार उघडं होतं, सिंक दारापासून चार पावलांवर होतं, आणि नळ बंद होता.

पुढच्या सोमवारी आत्याला ताप भरला.

"कुठं हरवलीस?" मिस्त्रीकाकांनी विचारलं.

"इथंच आहे," म्हणत भिंगरीनं पांढऱ्या दुधाचा कुंचला उचलला आणि सगळ्यांत आधी तो खळगा माखला. लेपही तिनं तिथंच आधी लावला. मिस्त्रीकाका सांगत होते खालून वर, खालून वर. तिनं ऐकलं नाही. तो खळगा डोळ्यांपुढून गेला तेव्हा कुठं तिला नीट श्वास घेता आला. मग मात्र काम झकास झालं. लेप ओल्या मातीसारखा हाताला लागत होता, हातमोज्यांची बोटं दाबली की दगडासारखे खाचखळगे उठत होते. संध्याकाळी त्यांनी सगळ्यावर ओलं गोणपाट घातलं.

सकाळी गोणपाट काढलं, तर उजव्या काठावरचा लेप खाली पडला होता. फक्त तेवढाच, चार बोटं रुंदीचा. बाकी सिंक घट्ट, कुठं केसाएवढी चीर नाही.

"तेलकट राहिलं असेल," मिस्त्रीकाका म्हणाले. "आणि तू वरून सुरुवात केलीस. मी ओरडत होतो."

भिंगरीनं पडलेला तुकडा उलटा केला. आतल्या बाजूला त्या टवक्यांचा ठसा उठला होता, बारीक बारीक पुरळासारखा. तिनं तो कचऱ्यात टाकला. ती जागा साबणानं घासली, सुकवली, पुन्हा दूध, पुन्हा लेप.

दुसऱ्या दिवशी ती तिथंच बसून होती. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. तिच्या डोळ्यांदेखत लेपाचा तेवढाच तुकडा अलगद सुटला आणि फरशीवर पडला. दुकानाचं मागचं दार उघडं होतं. दारावरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तुकडा तिनं उचलला. कोमट होता.

"सिमेंट सुकताना गरम होतंच," मिस्त्रीकाका म्हणाले. ते मात्र या वेळी सिंकला हात न लावता, जरा लांबून बोलत होते. "जाळी मारू या. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती. मग बघतो कसं पडतंय."

जाळी बसली. भिंगरीनं त्या जागी लेप अर्ध्याऐवजी चांगला दोन बोटं जाड चढवला. तिसऱ्या दिवशी तो टिकला. चौथ्या दिवशीही टिकला. काठाला तिथं थोडा उंचवटा आला, पण दगडाला असतोच असा उंचवटा. बाबा बाहेर येऊन कुंडीभोवती दोनदा फिरले. "कमाल केलीस," म्हणाले. मग काठावरून हात फिरवत, "ओळखूसुद्धा येत नाही गं."

हवं तेच झालं होतं. तरी ते ऐकून भिंगरीला चपराक बसल्यासारखं झालं.

पाचव्या दिवशी ती गोणपाटावर पाणी मारत होती. टक, टक.

मंद आवाज. जाड भिंतीपलीकडून यावा तसा. तिनं पाण्याचा डबा खाली ठेवला. लेप आवळताना आतली चिनीमाती तडकली असेल, तिनं स्वतःशी म्हटलं. जाळीची तार ताणली गेली असेल. विज्ञानात तिला चांगले गुण होते. आणखी चार कारणं तिला सुचली. दुकानातून बाबांनी हाक मारली, "भिंगरी, मागं एखादं घड्याळ ठेवलंयस का? अडखळतंय ते. दोन ठोके देऊन थांबलं."

"नाही, बाबा."

सहाव्या दिवशी त्याच वेळी. सातव्या दिवशीही. दोनच ठोके, मध्ये तेवढंच अंतर, आणि नंतर एक थांबणं. ते थांबणं सगळ्यांत वाईट होतं. समोरच्यानं आता बोलावं म्हणून कुणी गप्प राहतं, तसं.

एक ठोका. एवढंच तर द्यायचं होतं. हातात पाण्याचा डबा होता, तो एकदा काठावर आपटला असता तरी चाललं असतं. पण ठोका द्यायचा म्हणजे तिथं कुणीतरी आहे असं मानायचं. आणि तिथं कुणी असेल, तर त्या दिवशी दाराशी काय झालं ते त्या कुणाला तरी ठाऊक असणार. भिंगरी दर वेळी डबा घेऊन आत जायची आणि नळाखाली हात धरून उभी राहायची. उद्या देऊ, म्हणायची. उद्या नक्की.

रोज आवाज थोडा, अगदी थोडा, स्पष्ट होत होता.

बाराव्या दिवशी मैत्रिणी आल्या. भिंगरीनंच बोलावलं होतं कधीतरी, आणि विसरली होती. कुंडीत खडी आणि माती भरून झाली होती, जाड पानांची बुटकी रोपं लावून झाली होती. पुढच्या आठवड्यात बाहेरून आंबलेलं दूध फासायचं होतं, म्हणजे शेवाळ लवकर धरतं.

"बापरे! खरा दगड आहे हा?" चष्मेवालीनं विचारलं.

"मग? खराच!" भिंगरी म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं. "जुना आहे. आमच्या बाबांनी आणला."

"केवढा भारी गं. आमच्याकडे नुसत्या प्लॅस्टिकच्या कुंड्या. आई म्हणते उचलायला हलक्या पडतात. हलक्या काय, मांजर धडकलं की लोळतात."

सगळ्या खिदळल्या. भिंगरीनं मांजराची नक्कल केली, त्या आणखी हसल्या. अंगणात ऊन होतं, कुणीतरी रोपाच्या पानाला बोट लावत होतं, आणि सगळं इतकं छान चाललं होतं की तिनं घड्याळाकडे पाहिलंच नाही.

टक, टक.

हसणं थांबलं.

आज आवाज मंद नव्हता. हाताच्या अंतरावर कुणी बसून वाजवावं तसा. चष्मेवालीनं उजव्या काठावर ठेवलेला तळहात झटकन उचलला.

"ए, हे काय होतं? हाताला लागलं माझ्या."

"काय?"

"आतून ठोकलं कुणीतरी. आत कोण आहे?"

सगळ्या भिंगरीकडे पाहत होत्या. तीही त्यांच्याकडे पाहत होती. ते थांबणं सुरू झालं होतं. तिचा हात काठापासून वीतभर लांब होता.

"कोणी नाही," भिंगरी म्हणाली.

कुणीच हसलं नाही.

आतून काहीतरी हळूच मागं झाल्यासारखं तिला वाटलं. आवाज नव्हता. आवाज नसण्यात काहीतरी बदललं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजल्यापासून ती कुंडीपाशी बसली. दहा मिनिटं झाली. मग अकरा मिनिटं. बारा. तिनं बोटाच्या हाडानं काठावर एक ठोका दिला. मग पेननं. मग खड्यानं. एक, एकच, ठरल्याप्रमाणे. मुंगी चालली असती तर ऐकू आलं असतं एवढी ती शांत राहिली. अंगणाच्या पलीकडे कुणाच्यातरी घरी नळ वाहत होता. बाकी काही नाही.

त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यातही नाही.

शाळा सुरू झाली. शेवाळ धरलं. कुंडी इतकी खरी दिसू लागली की येणारे-जाणारे फोटो काढायचे. भिंगरीच्या तोंडाचा पट्टा मात्र घरी बंद पडला. एका रविवारी सकाळी बाबा एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. ती समोर बसली आणि तिनं सांगून टाकलं. दार, मैत्रिणी, नळीबाई, कोणी नाही. कुंडीतल्या ठोक्यांचं सुद्धा. बाबांनी चिमटा खाली ठेवला.

"त्या दिवशी घरी आली तेव्हा बोलली होती," ते म्हणाले. "म्हणाली, आज भिंगरीला मैत्रिणी मिळाल्या रे दादा. चांगला घोळका होता. मी उगाच मध्ये टकटक केली."

"आणि?"

"आणि काही नाही. हसत होती. उद्यापासून जरा हळू वाजवीन, म्हणाली."

भिंगरी उठली. मागच्या खोलीतून छिन्नी आणि हातोडी घेऊन ती अंगणात गेली. बाबा तिच्या मागून आले, पण त्यांनी अडवलं नाही. उजव्या काठाच्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना तिनं छिन्नी लावली. दोन बोटं जाड लेप. तिनंच चढवलेला, तिनंच पाणी मारून पक्का केलेला. निघता निघत नव्हता. शेवटी जाळीची तार तुटली आणि अख्खा तुकडा तिच्या हातात आला.

तिला वाटलं होतं त्याहून तो पुष्कळ हलका होता.

तिनं तो उलटा केला. पुरळासारखा ठसा नव्हता. आतल्या अंगाला शेजारीशेजारी दोन गोल खड्डे होते, अंगठीच्या कडेएवढे, सरळ वरपर्यंत कोरत गेलेले. जाळी दोन्हीकडे आरपार कापलेली होती. कडांना तांब्याचा हिरवट रंग उतरला होता. तिनं तुकडा उन्हासमोर धरला, तर दोन्ही खड्ड्यांच्या तळातून पिवळा उजेड आला. वर कागदाएवढी जाडी उरली होती.

बाबांनी तो हातात घेतला, डोळ्याला भिंग लावून पाहिला आणि दुकानात गेले. टेबलाच्या खालच्या, कुलपाच्या खणात सुट्या स्क्रूंची एक डबी होती. दवाखान्यात बोटं सुजली तेव्हा नर्सनं काढून दिलेली अंगठी त्यांनी त्यात ठेवली होती, कापसावर. त्यानंतर डबी उघडली नव्हती. किल्ली त्यांच्या गळ्यात असायची.

"तुला हिनं वाजवावंसं वाटत असेल तर," ते म्हणाले, आणि झाकण काढलं, आणि तसेच राहिले.

"बाबा?"

त्यांनी डबी तिच्यापुढे केली. कापसावर सिमेंटसारखी करडी, मऊ पूड पडली होती. अर्धी अंगठी होती तशीच होती, जाड, गोल. उरलेली अर्धी कडेनं घासून घासून दोऱ्याएवढी झाली होती.

भिंगरीनं ती दोन बोटांत उचलली आणि तशीच धरून उभी राहिली. दारावरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. वाजवायला तिचा हात धजला नाही. फार तर आणखी दोन ठोके सोसेल, एवढीच अंगठी उरली होती, आणि दोन ठोके आत्याचे होते.